तुपापासून सुरुवात, कापसानं मोठं नाव: खामगावचा आठवडी बाजार आजही का भरतो? समजून घ्या

‘बाजार आणला का?’

घाटाखालच्या गावांत संध्याकाळी हा प्रश्न हमखास ऐकू येतो. बाहेरच्या माणसाला तो विचित्र वाटेल. बाजारात जातात, बाजार आणतात कसा? पण आपल्याकडे ‘बाजार’ या एका शब्दात तीन गोष्टी मावतात. बाजार म्हणजे जागा. बाजार म्हणजे वार. आणि बाजार म्हणजे पिशवीत भरून घरी आणलेला आठवडाभराचा भाजीपाला, मिरची-मसाला आणि लेकरांचा खाऊसुद्धा.

इंजिनीअरिंगला असताना चार वर्षं मी मोबाईलवरून भाजी मागवली. दहा मिनिटांत दारात यायची, धुतलेली, पिशवीबंद. गावाकडे परत आल्यावर आजीसोबत बाजारात गेलो तेव्हा लक्षात आलं, की तिथे कुठल्या ओळीत आधी जायचं, कोणती भाजी शेवटी घ्यायची, भाव कुठे करायचा आणि कुठे मुकाट्यानं पैसे द्यायचे, यातलं मला काहीच येत नव्हतं.

जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत आठवडी बाजार भरतात. त्यातलं व्यापाराचं सर्वांत जुनं आणि मोठं नाव खामगावचं. कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हा बाजार इथेच का वाढला, आठवड्यातून एकदाच का भरतो, त्याची खरी मजा कशी घ्यायची आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे.

खामगावातच का?

आधी नकाशा बघू. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग घाटावर. शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला भाग घाटाखाली. खामगाव बरोबर या दोन्हींच्या सांध्यावर, घाटाच्या पायथ्याशी आहे.

घाटावरची माती वेगळी, घाटाखालची वेगळी, त्यामुळे पिकंही वेगळी. जिथे दोन वेगळी पिकं घेणारी माणसं समोरासमोर येतात, तिथे देवाणघेवाण आपसूक सुरू होते.

दुसरं कारण पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला आणि अमरावतीसोबत आपल्या जिल्ह्याचाही काही भाग त्यात येतो. इथलं भूगर्भातलं पाणी खारट आहे. काळ्या मातीत पावसावर कापूस, तूर, ज्वारी येते, पण विहिरीच्या पाण्यावर बारमाही भाजीपाला काढणं अवघड जातं. या गावांना भाजी बाहेरूनच आणावी लागते. त्यांच्यासाठी बाजार ही गरज आहे, हौस नंतरची.

सुरुवात कशी झाली?

खामगाव म्हटलं की आधी चांदी आठवते आणि मग कापूस. पण ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमधली नोंद वाचली तर गंमत वाटते. १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी इथे दुकानं थाटली, ती तूप, सूत आणि थोड्याशा कापसाच्या व्यापारासाठी. म्हणजे या बाजारपेठेच्या मुळाशी खाण्याचा जिन्नस आहे, आणि तोही तूप!

चित्र बदललं ते चाळीसेक वर्षांनी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्याच वर्षी खामगावला नगरपालिका झाली. मुख्य मार्ग जलंबवरून गेला होता, म्हणून १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा सुमारे आठ मैलांचा फाटा टाकला गेला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून तेव्हाच्या खामगावचं वजन कळतं. एक तपशील अनेकांना माहीत नसतो: तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होतं, ते बुलढाण्यात आलं १९०५ मध्ये.

मुंबई-पुण्यात तेव्हा काय चाललं होतं?

याच काळात मोठ्या शहरांत खाण्यापिण्याच्या बाजारांना छप्पर मिळत होतं. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये उभं राहिलं. पुण्याची मंडई १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावानं ‘रे मार्केट’ म्हणून.

पुण्याच्या मंडईची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचं आजचं नावही महात्मा जोतिबा फुले मंडई हेच आहे.

या दोन्ही मंडया दगडी, रोज उघडणाऱ्या, ठरलेल्या गाळ्यांच्या. आपला आठवडी बाजार याच्या उलट. त्याला भिंत नाही, घुमट नाही. सकाळी पालं ठोकली जातात, ताडपत्र्या अंथरल्या जातात आणि रात्री मैदान पुन्हा मोकळं होतं. म्हणून पर्यटक त्याचे फोटो काढत नाहीत आणि वारशाच्या यादीतही त्याचं नाव सहसा येत नाही.

आठवड्यातून एकदाच का?

यामागे सोय आहे, आणि ती तीन बाजूंनी आहे.

पहिली बाजू मजुराची. शेतमजुरीचा हप्ता बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा बाजाराच्या दिवशी चुकता करायची वऱ्हाडातली जुनी रीत आहे. सहा दिवसांची मजुरी हातात पडते आणि त्याच दिवशी तिचा बाजार होतो. पगाराचा वार आणि खरेदीचा वार एकच.

दुसरी बाजू विक्रेत्याची. एकाच गावात रोज बसलं तर रोज पुरेसं गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. म्हणून मिरची-मसालेवाले, फुटाणेवाले, भांडीवाले आज या गावी, उद्या त्या गावी असे फिरतात. गावोगावचे वार वेगवेगळे आहेत ते त्यामुळेच. वार वाटून घेतले, की एकाच दुकानाला आठवड्याला पाच-सहा गावं मिळतात.

तिसरी बाजू छोट्या शेतकऱ्याची. दोन सरीतली मेथी, बांधावरचा शेवगा, परसातली चार कोहळी घेऊन कुणी रोज शहरात येऊ शकत नाही. आठवड्यातून एक फेरी मात्र परवडते. त्यात आता एसटीचा हातभार आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या आजीसाठी हा हिशेब लहान नसतो. वीस जुड्या विकायला आणल्या आणि पूर्ण भाड्यात चार जुड्यांचे पैसे गेले, तर त्या फेरीत उरलं काय?

कोणत्या ऋतूत काय शोधायचं?

ॲपवर मेथी बाराही महिने दिसते. बाजारात तसं होत नाही, आणि खरी मजा त्यातच आहे.

पावसाळा: हा रानभाज्यांचा काळ. तरोटा, कुंजर, घोळ, करटुली, अंबाडी. या भाज्या बहुतेक वेळा ओळीच्या टोकाला, एखाद्या गोणपाटावर थोड्याशाच दिसतात. विकणाऱ्या बायांनी त्या स्वतः खुडून आणलेल्या असतात. ताज्या असतानाच घ्या आणि निवडायची, शिजवायची पद्धत त्यांनाच विचारा. यातली एखादी भाजी आधी उकडून पाणी काढून टाकावी लागते, एखादी नाही. हे कळतं ते तिथेच.

दिवाळीच्या आगेमागे: सीताफळं. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंद झालेलं फळ एक-दोन दिवसांत पिकतं. लगेच खायची वेगळी आणि दोन दिवसांनी खायची वेगळी, अशी निवडून घ्या.

हिवाळा: बाजाराचा सगळ्यात चवदार काळ. तुरीचे सोले, हरभऱ्याची कोवळी भाजी, टहाळ, लसणाची पात, बोरं आणि भरताची वांगी. भरताचं वांगं हातात घेऊन बघा. आकाराच्या मानानं हलकं असेल तर बिया कमी असण्याची शक्यता जास्त. घरी आलं की ते निखाऱ्यावर भाजायचं, सोबत ज्वारीची किंवा कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा.

उन्हाळा: चिवळ, कैरी, चिंच आणि वर्षभराच्या तिखटासाठी लाल मिरची. मिरचीच्या ओळीत शिंका येतात, पण वर्षाचं तिखट करायचं असेल तर तिथेच थांबून दोन-तीन प्रकार हातात घेऊन बघावे लागतात. रंग एका मिरचीचा आणि झोंबणारा तिखटपणा दुसरीचा, असं मिश्रण घरोघरी ठरलेलं असतं.

आणि कोणत्याही ऋतूत, मुरमुरे, शेव, फुटाण्यांचा भत्ता आणि गरम भजी आहेतच. बाजारातून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत लेकरं आधी हात घालतात ते त्यासाठी.

मग शेगावची कचोरी?

कचोरीचा उल्लेख केला नाही तर घाटाखालचे वाचक माफ करणार नाहीत. पण ती या बाजारातून आलेली नाही. ती रेल्वेनं मोठी केली. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. मूगडाळीचं सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची, आणि सहज नेता येईल असा सुटसुटीत प्रकार. संत गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक आणि मुंबई-नागपूर मार्गावरचे प्रवासी यांनी तिचं नाव राज्यभर नेलं.

पोट भरायचं ठिकाण म्हणून स्टेशन आणि बाजार यांच्यात एक फरक आहे. स्टेशनवर गिऱ्हाईक रोज नवं असतं. बाजारात तेच गिऱ्हाईक दर आठवड्याला समोर येतं. मागच्या बाजारी सडकं वांगं दिलं असेल, तर या बाजारी ते ऐकून घ्यावं लागतं. बाजारात पावती नसते, तरी भरवसा टिकतो तो यामुळे.

किती वाजता जायचं?

सकाळी लवकर: माल ताजा, निवड भरपूर, भाव चढा. रानभाजी, सोले, पालेभाजी यासाठी हीच वेळ.

दुपारनंतर: गर्दीची वेळ. गावोगावची माणसं आलेली असतात. मिरची-मसाला, कडधान्य, भांडी ही न नासणारी खरेदी या वेळेत करा.

दिवेलागणीला: बाजार मोडायला लागतो आणि भाव उतरतात. यामागचं गणित सोपं आहे. टोपलीत उरलेली कोथिंबीर उद्यापर्यंत टिकणार नाही, शीतगृह नाही आणि शेवटची गाडी निघायची वेळ झालेली असते. त्यामुळे जुडीचा भाव सुटतो आणि ‘वाटा’ सुरू होतो. जे उरलं त्याचे ढीग करायचे आणि एका ढिगाची एकच किंमत सांगायची.

या उतरत्या बाजाराकडे कमी प्रतीचा माल म्हणून नाक मुरडू नका. उशिरा मजुरी हाती आलेल्या कितीतरी घरांचा आठवड्याचा भाजीपाला याच तासाभरात होतो. विक्रेत्याचं नुकसान थोडं भरून निघतं आणि भाजी उकिरड्यावर जात नाही. टाळता येण्याजोगी नासाडी कमी करायला मोठमोठ्या कंपन्या सॉफ्टवेअर बनवतात. इथे तेच काम ‘घे ना बाप्पा, शेवटचा वाटा हाये’ या एका वाक्यात होतं.

भाव करायचा की नाही?

करायचा, पण कुठे करायचा ते समजून. बाजारात साधारण दोन प्रकारचे विक्रेते असतात. एक, हर्राशीत म्हणजे लिलावात माल घेऊन तो विकणारे. त्यांच्या भावात खरेदी, वाहतूक, नफा असं सगळं धरलेलं असतं. तिथे घासाघीस हा व्यवहाराचाच भाग आहे आणि दोन्ही बाजू ती हसत करतात.

दुसरे, स्वतःच्या शेतातलं किंवा रानातलं थोडंसं घेऊन बसलेले. त्यांच्यासमोर दहा-बारा जुड्यांपेक्षा जास्त माल नसतो. ‘कशी देल्ली मेथी, माय?’ विचारावं, आणि भाव ऐकून घ्यावा. माझी आजी तिथे भाव करत नाही. मी एकदा पाच रुपये कमी करून घेतले, तेव्हा तिनं ते पाच रुपये माझ्यासमोर परत दिले आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

वजनाबद्दल मात्र संकोच नको. तराजू आणि वजनांवर पडताळणीचा शिक्का असणं कायद्यानं बंधनकारक आहे. शंका आली तर सरळ विचारा. ‘पाव’ म्हणजे आज २५० ग्रॅम. जुन्या शेराचा पाव त्यापेक्षा थोडा कमी भरायचा, पण तो हिशेब मेट्रिक वजनं आली तेव्हाच संपला.

या बाजाराला कायदा संरक्षण देतो का?

देतो, पण हे अनेक विक्रेत्यांपर्यंत पोहोचलेलंच नाही.

थोडं मागे जाऊ. कापसाच्या बाजाराला नियम मिळाले १८९७ मध्ये. त्या वर्षी वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजार समिती, परवानाधारक अडते आणि मापारी ही व्यवस्था त्यातून आली. देशातल्या नियंत्रित बाजारांचा पाया म्हणून आजही त्याचा उल्लेख होतो. पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवालीला मात्र देशभर लागू होणारा कायदा मिळायला २०१४ उजाडलं. कापसाच्या गाठीनंतर तब्बल ११७ वर्षांनी!

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा तो कायदा. शहरी भागासाठी असलेल्या या कायद्यातल्या पाच गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत:

१. शहरातल्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही.

२. त्यानंतरही हटवायचं किंवा दुसरीकडे हलवायचं असेल, तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

३. माल जप्त झाला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशवंत माल विक्रेत्यानं मागणी केली त्याच दिवशी, ठरलेलं शुल्क घेऊन, परत करावा लागतो.

४. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात.

५. पन्नास वर्षांहून अधिक काळ जिथे विक्रेते व्यवसाय करत आले आहेत, असा नैसर्गिकरीत्या वाढलेला बाजार ‘वारसा बाजार’ म्हणून घोषित करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं तत्त्व कायद्याच्या परिशिष्टात दिलं आहे.

पाचवा मुद्दा आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा. पण तो आपोआप लागू होत नाही. सरकारची योजना, शहराचा पथविक्री आराखडा आणि समितीचा ठराव या वाटेनंच तो प्रत्यक्षात येतो. म्हणजे कुणीतरी तो विषय मांडावा लागतो. एक मर्यादाही ध्यानात घ्या: रेल्वेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागू नाही. त्यामुळे फलाटावर आणि गाडीत फिरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना त्याचा आधार मिळत नाही.

आपण काय करू शकतो?

मोबाईलवरची भाजी वाईट आणि बाजाराची चांगली, असं म्हणण्यात अर्थ नाही. घरात आजारी माणूस असेल, दोघंही नोकरी करत असतील, तर दारात येणारी पिशवी उपयोगाचीच आहे. पण ॲपवर तुरीचे सोले, तरोटा किंवा दोन सरीतली मेथी विकायला त्या आजीला जागा नाही. तिला जागा आहे ती फक्त मैदानावर. ते मैदान पार्किंगनं, बांधकामानं किंवा नुसत्या दुर्लक्षानं थोडं थोडं कमी होत गेलं, तर सगळ्यात आधी उठतं ते ओळीच्या टोकाचं गोणपाट.

तुमच्या गावच्या बाजाराची जागा किती जुनी आहे, हे घरातल्या जाणत्यांना विचारा. नगर परिषदेत पथविक्रेता समिती आहे का आणि ‘वारसा बाजार’ हा विषय तिच्यासमोर कधी आला का, हे माहितीच्या अधिकारात साध्या अर्जानं विचारता येतं.

आणि पुढच्या बाजारी कापडी पिशवी घेऊन जा. सोबत सुटे पैसे ठेवा. क्यूआर कोड आता पुष्कळ पालांवर लटकलेले दिसतात, पण ओळीच्या टोकाला बसलेल्या आजीकडे तो असेलच असं नाही.